दुखण्याची सनद

वैद्यकाची पाठ्यपुस्तके उघडली तर त्यांतील रोगी हा नेहमी एकटा असतो. त्याला नाडी असते, यकृत आणि प्लीहा असतात, रक्तदाब असतो. पण त्याला सासू नसते, थोरला दीर नसतो, भावकी नसते, सोसायटीचे थकलेले कर्ज नसते आणि सायंकाळपर्यंत मोजून द्यावयाच्या हजार बिड्याही नसतात. सिन्नरच्या पेठेतील कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर जो अर्धी सकाळ बसून राहील त्यास असा एकटा रोगी क्वचितच आढळेल. येथे आजार येतो तो चार माणसांच्या समवेत, आणि पुष्कळदा ज्याचे दुखणे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याची कैफियत सादर होऊन चुकलेली असते. डॉक्टर विचारतात, "काय होतंय बाई?" आणि उत्तर येते ते शेजारी बसलेल्या सासूकडून : "दोन महिने झाले, अन्नावर वासना नाही, कामात ध्यान नाही. अशक्तपणा आलाय तिला. एक सलाईन लावून द्या, म्हणजे जरा तरतरी येईल." या तीन-चार वाक्यांत रोगाचा इतिहास आला, निदान आले, उपचाराची तजवीजही झाली, आणि सून अद्याप पदराच्या टोकाशी चाळा करीत जमिनीकडे पाहत आहे.

आरोग्यावर समाजाचा आणि संस्कृतीचा प्रभाव पडतो, असे मोघम विधान केले असता त्यास कोणी हरकत घेणार नाही, आणि म्हणूनच त्यातून फारसे काही निष्पन्नही होणार नाही. माझे म्हणणे याहून थोडे नेमके आहे. रोग आणि उपचार यांच्या दरम्यान घराघरांतून एक कचेरी भरलेली असते. हे दुखणे खरे की सोंग, ते अंगाचे की बाहेरचे, त्यापायी किती दिवस कामाची सूट द्यावयाची, किती पैसा खर्चावयाचा आणि कोणाच्या दारी जावयाचे, याचा निवाडा तेथे होतो. आणि तो अनुकूल झाला म्हणजेच माणसास आजारी पडण्याची सनद मिळते. ही सनद घरातील सर्वांस सारख्या सुलभतेने मिळत नाही, आणि ताप, खोकला वा मोडलेले हाड यांच्या मानाने मनाच्या दुखण्यास ती फारच कष्टाने मिळते, हा या विषयाचा गाभा होय.

सिन्नर समोर ठेवून हे सर्व मांडावयाचे, यासही कारण आहे. यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे, सेऊणपुराचे, स्थान अभ्यासक येथेच मानतात, आणि गोंदेश्वराचे पंचायतन त्या कालाची साक्ष देत आजही उभे आहे. परंतु तालुक्याचा आजचा प्रपंच त्या वैभवावर चालत नाही. पश्चिमेकडील डोंगराळ गावे वगळली तर बराचसा मुलूख पर्जन्यछायेत पडतो, आणि वावी-पांगरीच्या बाजूस उन्हाळा म्हणजे टँकरची वाट पाहणे होय. गावात पिढ्यानुपिढ्या बिडीचा धंदा चालत आला. पुढे माळेगाव आणि मुसळगाव येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्याचा मुलगा पाळीचा कामगार झाला. नाशिकचे जिल्हा रुग्णालय तासाभराच्या अंतरावर. नाशिकपलीकडे त्र्यंबकेश्वर, उत्तरेस वणीची सप्तशृंगी, पूर्वेस शिर्डी. त्यामुळे एकच कुटुंब सोमवारी प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या आणते, गुरुवारी साईबाबांची उदी कपाळी लावते, अमावास्येला भगताकडे नारळ घेऊन जाते आणि पैका हाती आला की नाशिकच्या स्पेशालिस्टकडे नंबर लावते. यात काही विसंगती आहे असे त्यास वाटत नाही, आणि मला विचाराल तर त्याच्या जागी उभे राहून पाहिल्यास ती तितकीशी दिसतही नाही. ज्याला कोणत्याच एका दारी पुरती खात्री मिळत नाही, त्याने चार दारी चौकशी केली तर तो व्यवहारच झाला.

प्रथम बिडीकडे पाहू, कारण देह, मन आणि समाज यांची गाठ कशी पडते हे त्या सुपात स्पष्ट दिसते. टेंभुर्णीची पाने भिजवून मऊ करावयाची, पत्र्याच्या मापावर ठेवून कातरीने कापावयाची, चिमूटभर जर्दा त्यात पसरून वळावयाचे, दोऱ्याने बांधावयाचे आणि तोंड दुमडावयाचे. हे सर्व मांडीवर सूप घेऊन, पाठ वाकवून, मान खाली घालून, आणि मजुरी हजारी हिशेबाने. जर्द्याची धूळ नाकातोंडात आणि हातांच्या कातडीतून अंगात जाते. पाठ, मान आणि डोळे कायमचे तक्रार करू लागतात. खोकल्याची दखल तर कोणी घेत नाही. १९६६ साली बिडी व सिगार कामगारांच्या कामाच्या शर्तींविषयी कायदा झाला, १९७६ साली त्यांच्या कल्याणनिधीचा कायदा झाला, त्यातून दवाखाने निघाले, कार्डे आली. पण कार्डावर जिचे नाव तिच्या दुखण्याचा हिशेब घरात कसा होतो, ते कोणत्याही कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. एक दिवस अंग टाकले म्हणजे हजार बिड्या बुडाल्या, हे त्रैराशिक बाईस स्वतःसच इतके पाठ असते की दुखण्याची सनद ती मागण्यापूर्वीच स्वतः नाकारते.

तथापि या व्यवसायाची दुसरीही बाजू आहे, आणि ती केवळ प्रयोगशाळेतून पाहणाऱ्यास दिसणार नाही. ओट्यावर पाच-सहा जणी सुपे घेऊन बसल्या म्हणजे हात बिडीत आणि तोंड मोकळे असते. कोणाचा नवरा काय करून बसला, कोणाच्या लेकीस सासरी काय सोसावे लागते, कोणाची पाळी अवेळी बंद झाली, हे तेथे बोलले जाते, त्यावर सल्ला मिळतो, प्रसंगी उसने पैसेही मिळतात. जो धंदा फुप्फुसास मारक, तोच मनाचा निचरा करणारी बैठकही पुरवीत होता, ही गोष्ट गैरसोयीची असली तरी खरी आहे. तंबाखूविरुद्धच्या मोहिमेस माझा पूर्ण पाठिंबा आहे. परंतु बिडीचे काम आटत गेले म्हणजे मजुरीबरोबर ही बैठकही उठते, आणि तिच्या जागी काय द्यावयाचे याचा विचार कोणत्याही मोहिमेच्या पत्रकात मला अद्याप आढळलेला नाही.

आता मनाच्या दुखण्याची भाषा. तालुक्यातील कोणतीही प्रौढ स्त्री दवाखान्यात येऊन 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणणार नाही. ती म्हणेल, हातपाय गळून जातात, डोके जड राहते, छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, अंगाची आग होते, झोप लागत नाही. शहरी सुशिक्षितास हे अज्ञान वाटते. वस्तुतः ती उत्तम व्यवहारज्ञानाची निवड असते. हातपाय गळणे हे घराच्या कचेरीत मान्य होणारे दुखणे आहे. 'मन लागत नाही' हे मान्य न होणारे. पहिल्यास पेज, विश्रांती आणि सलाईन मिळते. दुसऱ्यास 'खायला मिळतंय ना वेळेवर?' हा प्रतिप्रश्न. हा प्रकार महाराष्ट्रापुरता मुळीच नाही. आर्थर क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतात 'मज्जातंतूंची दुर्बलता' असे निदान झालेले १०० रोगी तपासले, तेव्हा पाश्चात्त्य निकष लावता त्यांतील ८७ जण नैराश्याचे ठरले. त्यांचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. सांस्कृतिक क्रांतीच्या होरपळीतून निघालेल्या त्या माणसांना डोकेदुखी सांगणे सुरक्षित होते, खिन्नता सांगणे धोक्याचे होते.

आणि देहाचे सर्वच दुखणे सांगता येते असेही नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. शंभरांतील ९२ जणींस स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ होत्या. अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे, पाळीचा त्रास, ही 'बाईच्या जातीला असायचीच' म्हणून निकालात निघालेली प्रकरणे. डॉ. राणी बंग यांचे 'कानोसा' हे पुस्तक या विषयात प्रवेश करणाऱ्याने अवश्य वाचावे, असे मी सुचवीन. स्त्रिया आपल्या शरीराचा अर्थ कसा लावतात हे त्यांच्याच तोंडून ऐकून घेण्याचा तो प्रयत्न आहे.

ज्या सुनेस घरात बोलावयाची मुभा नाही ती अंगात आल्यावर बोलते. केस मोकळे सुटलेले, देह घुमतो आहे, आणि एरवी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी ती बाई त्याच सासऱ्यास एकेरीत विचारते आहे की माझ्या लेकराचे काय केलेस. आणि सासरा हात जोडून उभा आहे, कारण बोलणारी सून नव्हे, देवी. आठ-पंधरा दिवस घरातील वागणूक सौम्य होते, एखाद्या नवसाची फेड होते, माहेरी पाठवणी होते. यास ढोंग म्हणणारे पुष्कळ आहेत आणि रोग म्हणणारेही आहेत. दोघेही घाईत असतात. मानवशास्त्रज्ञ व्हिएदा स्कुल्टन्स यांनी फलटणच्या महानुभाव मंदिरात येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९८७ साली जे प्रसिद्ध केले ते याहून अधिक विचारात पाडणारे आहे. मनाने बिघडलेला मुलगा किंवा नवरा घेऊन घरातील स्त्री तेथे येऊन राहते, आणि काही काळाने घुमू लागते ती तीच; पीडा आपण आपल्या अंगावर घेतली म्हणजे पुरुष मोकळा होईल, अशी तिची श्रद्धा असते. म्हणजे दुखणे हे संबंध घराचे, आणि ते भोगण्याचे कर्तव्य मात्र वाटपात तिच्याकडे आलेले. आपल्याकडील कुटुंबाच्या आधाराची थोरवी गाणाऱ्यांनी, आणि मीही त्यांतला एक आहे, त्या आधाराचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हे एकवार येथे येऊन पाहावे.

त्र्यंबकेश्वरीच्या नारायण नागबळीचे प्रकरण याच्या शेजारचे. मूल होत नाही, घरात सारखे आजारपण आहे, मुलास विचित्र स्वप्ने पडतात, एकामागून एक अपयश येते. मग कोणीतरी सांगतो की पूर्वजांस गती मिळालेली नाही. तीन दिवसांचा विधी; पती आणि पत्नी नवी पांढरी वस्त्रे नेसून शेजारी बसतात, गव्हाच्या पिठाचा नाग करून त्याचा अंत्यसंस्कार करतात, सुतक पाळतात. या विधीने वंध्यत्व जाते असे मी म्हणणार नाही. परंतु जे घर इतके दिवस 'हिच्यातच दोष' असे म्हणत आले त्याला तीन दिवस असे सांगितले जाते की दोष कोणा मृताच्या अतृप्तीचा आहे आणि त्याच्या निवारणास नवऱ्यानेही मांडी घालून बसले पाहिजे; ही मोकळीक लहान नव्हे. वीर्यतपासणीसाठी ज्याची पावले नाशिकच्या प्रयोगशाळेकडे वळत नाहीत, तो त्र्यंबकास बिनतक्रार जातो. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की त्यात खर्च मोठा होतो, कित्येक महिने हातचे जातात, आणि स्किझोफ्रेनियासारख्या विकारात ते महिने परत मिळविता येत नाहीत.

राज्याने या प्रांतात कायद्याने प्रवेश केला तो उशिरा. वेड्यांना कोंडण्याची व्यवस्था पाहणारा १९१२ चा लुनसी अॅक्ट स्वातंत्र्यानंतरही चाळीसांहून अधिक वर्षे चालला; त्याच्या जागी १९८७ चा, आणि नंतर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्यालगतच्या आश्रमात आग लागून साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण जळून गेले, तेव्हा श्रद्धास्थानांच्या आश्रयास चाललेल्या या व्यवहाराकडे देशाचे लक्ष गेले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाल्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. भुताच्या नावाने मारहाण करणे, साप वा विंचू चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्र घालणे, हे आता गुन्हे आहेत, आणि ते तसे असणे सर्वथा इष्ट आहे. परंतु कायदा भगतास पकडू शकतो. भगताकडे जाण्याची गरज त्याला पकडता येत नाही. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर प्रार्थनेस येणाऱ्यांना तेथल्या तेथे मानसोपचारही मिळावा, या हेतूने 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम चालविण्यात आला. मुजावराने रुग्णास डॉक्टरांकडे पाठवावयाचे आणि डॉक्टरांनी दुआ बंद करण्यास सांगावयाचे नाही, असा तो करार. बुद्धिवादी मित्रांना ही तडजोड रुचत नाही. मला ती रुचते.

वैद्यकाची बाजू निर्मळ आणि समाजाची तेवढी मलिन, असा समज मात्र वाचकाने करून घेऊ नये. १८९७ सालच्या प्लेगात पुण्यात सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, देवघरे आणि माजघरे तुडविली, बायकांना रस्त्यावर आणून तपासले. रोगाच्या बंदोबस्तासाठी केलेली ती व्यवस्था लोकांस रोगाहून असह्य झाली, आणि २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईत जातीजातींनी आपापली प्लेग-इस्पितळे काढली, कारण परक्या हातचे पाणी पिण्यापेक्षा घरी मरणे लोकांस बरे वाटत होते. त्याच साथीत हडपसरच्या माळावर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. तेथे जात विचारली जात नव्हती. आणि १९२९ सालची काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत डॉ. आंबेडकरांनी नोंदवून ठेवली आहे, ती वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पहिल्या वर्षीच वाचावयास द्यावी. त्याची बाळंत झालेली बायको आजारी पडली. डॉक्टराने वस्तीत पाऊल ठेवण्यास नकार दिला. तिला बाहेर आणविले. थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्यास दिला, नवऱ्याने तिला लावला, आणि त्याच क्रमाने तो परत आला. न्यूमोनिया, असे निदान झाले. बाई वाचली नाही. निदान अचूक असावे. शास्त्रात काही न्यून नव्हते. पुढल्याच वर्षी, मार्च १९३० मध्ये, नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दार आणि दवाखान्याचे दार यांतील अंतर त्या काळी फारसे नव्हते. आजही नाडी धरताना हात आखडत नसेल, पण बाकावर कोणास 'बसा' म्हणावयाचे आणि कोणास 'थांब रे' म्हणावयाचे यात जुनी मोजमापे अधूनमधून डोके वर काढतात.

पुरुषांविषयी मी थोडक्यात लिहितो, ते त्यांचे दुखणे थोडके आहे म्हणून नव्हे. ते बोलतच नाहीत. स्त्रीला निदान हातपाय गळण्याची भाषा आहे, अंगात येण्याची वाट आहे. रात्रपाळी करून परतलेल्या कंत्राटी कामगारास आणि कांद्याचा भाव पडलेल्या शेतकऱ्यास बहुधा दारूच्या दुकानाचीच वाट उरते, आणि मग घर म्हणते की सारे बिघडले ते दारूने. 'ह्याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला टाका' ही वाक्ये आपल्याकडे थट्टेत येतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांची नावे ज्या समाजात शिवीसारखी वापरली जातात, तेथे पुरुष मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात आपण होऊन उभा राहील ही अपेक्षा फोल आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहांपैकी साधारण एका प्रौढास मानसिक विकार असल्याचे आणि विकारपरत्वे शेकडा ७० ते ९२ जणांस उपचार मिळत नसल्याचे दिसले. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

आणि एखाद्याने जीवनयात्रा संपविली तर त्याच्या दुःखाचे कारण पुन्हा एका कचेरीतच ठरते, आणि ही कचेरी अक्षरशः सरकारी असते. शेतकरी कुटुंबास शासनाकडून एक लाख रुपयांचे साहाय्य मिळावयाचे तर सातबारा, कर्जाचा दाखला, थकबाकी आणि वसुलीचा तगादा ही सर्व कागदपत्रे पंचनाम्यास जोडावी लागतात, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. मनुष्य वर्षभर झोपत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता, गोळ्या चालू होत्या, हे जबाबात आले तर प्रकरण दुबळे होते; म्हणून ते जबाबात येत नाही. विधवेने खोटे सांगितले असे म्हणणे अन्यायाचे होईल. कर्जही खरेच असते. मात्र दप्तरात राहतो तो केवळ कर्जबाजारी शेतकरी, आणि आजारी माणूस तेथून नाहीसा होतो; पुढे त्याच दप्तरावरून आकडे निघतात आणि त्या आकड्यांवरून धोरणे ठरतात. २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्यास शिक्षेऐवजी उपचार देण्याचे ठरविले. मेलेल्याविषयी असे गृहीत धरण्याची सोय अद्याप झालेली नाही.

सुधारणा करू पाहणाऱ्यांस एक उदाहरण द्यावेसे वाटते. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने आदिवासींना विचारले की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरे अशी मिळाली की तेथील माणसे पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही तर पांढरे कापड मृतास गुंडाळतो. तेथे नातलगांना राहावयास जागा नाही. आणि तेथे देव नाही. मग झोपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना बांधला गेला, नातलगांना सोबत राहता येईल असा. त्याला नाव दिले माँ दंतेश्वरीचे. औषधे तीच राहिली. सिन्नर म्हणजे गडचिरोली नव्हे, आणि येथे झोपड्या बांधून काही साधणार नाही. परंतु प्रश्न विचारण्याची ती रीत येथेही चालेल. आज आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन जो तक्ता भरते त्यात रक्तदाब-मधुमेहाच्या प्रश्नांबरोबर मनाविषयी दोन प्रश्न घातलेले आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला आहे काय, आणि उदास वाटते काय. प्रश्न चांगले आहेत. पण ते विचारले जातात ओसरीवर, सासू समोर बसलेली असताना, आणि उत्तर 'नाही' असे भरले जाते. तीच बाई त्याच आशाताईस हापशावर भेटते तेव्हा सांगते की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तक्त्यात हापशाचा रकाना नाही. तो कसा घालावयाचा, हे पाहण्याचे काम ज्यांच्या हाती तक्ते छापण्याचा अधिकार आहे त्यांचे आहे.